भंडाऱ्याचा अंगठा अन् पिवळं पुस्तक

जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शिवारात हिरव्या जाळीची शेडनेटं उभी आहेत, त्यांतल्या निम्म्यांत तरी आसराबाईचा हात फिरलेला आहे. हात म्हणजे खरोखरचा हात. टमाट्याची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं तिचे नर-केसर उपटायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग बोटातल्या अंगठीवरच्या इवल्या वाटीतून तिला लावायचा, अन् लावून झाला की कळीखालची दोन हिरवी पानं कातरून खूण करायची. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. मिरचीची कळी बारकी, तिथं कातर चालत नाही, म्हणून देठाला लाल दोरा बांधायचा. बीजोत्पादनाचं सगळं पुराण एवढंच. पण वाचायला जेवढं सोपं तेवढं करायला नाही. शंभर बायांतल्या दहा जणींचा हात बसतो, त्या दहांत एक आसराबाई निघते.

ती कामाला लागली तेव्हा विशीत होती. धनगराची सून, घरी मेंढरं होती, पुढं मेंढरं गेली अन् बकऱ्या राहिल्या. पहिल्याच वर्षी रामराव नावाच्या शेतकऱ्याच्या प्लॉटात तिनं एक अख्खी ओळ क्रॉस केली अन् खूण करायची विसरली. फळं धरली, लाल झाली, टच्च भरली. बियाण्याच्या कंपनीचा माणूस आला, ओळीवरून चालत गेला अन् म्हणाला, "हे सगळं तोडून फेका." आसराबाई म्हणाली, "साहेब, म्या मह्या हातानं केलंय हे. खरं बी हाये." तो म्हणाला, "असंल बाई. पण मला कसं कळावं?" रामरावानं ती फळं तिच्यासमोर बांधावर ओतली. त्या दिवसापासून आसराबाई खूण विसरली नाही. भाकरी थापून झाली तरी पिठाच्या डब्याचं झाकण तिरपं ठेवायची, म्हणजे आज पीठ काढलं हे ध्यानात राहतं. तिचा नवरा म्हस्कू म्हणायचा, "ही मेल्यावर बी हाताला दोरा बांधून जाईन, म्हनन मेलेली हाये, ध्यानात ठेवा."

पंचवीस वर्षांपूर्वी कंपनीनं तिला एकदा निवडलं होतं. हैदराबादेकडच्या फार्मवर तीन महिने जाऊन तिथल्या बायांना शिकवायचं होतं. त्या वेळी पोटात धाकटी पोर होती, अन् सासूनं दारात पाय आडवा घातला. आसराबाईनं चिमटा धुतला, पुसला अन् खुंटीला लावला. पण टेंभुर्णीहून जालन्याच्या पुढं कुणी निघालं की ती एसटी नजरेआड होईपर्यंत बघत राहायची, हे म्हस्कूला ठाऊक होतं.

म्हणून यंदा जालन्यातल्या कंपनीच्या ऑफिसातून ओमप्रकाश आला अन् ओट्यावर बसून म्हणाला, "मावशी, युगांडाला चलता का? दीड महिना. तिथल्या बायांला मिरची-टमाट्याचं क्रॉसिंग शिकवायचं," तेव्हा आसराबाईनं हो म्हणायच्या आधी हातातला चिमटा खाली ठेवला. परत खुंटीला लावायची वेळ नको.

"कुठं हाये हे?" म्हस्कूनं विचारलं.

"आफ्रिकेत, मामा."

"सिंव्हाच्या मुलखात? मंग सिंव्हाला बी क्रॉसिंग शिकवन ही."

ओमप्रकाश हसला. पण कामाची गोष्ट त्यानं बोटांवर मोजून सांगितली. चांगल्या हाताच्या बायांचे पासपोर्ट कंपनीनं मागंच काढून ठेवले होते, व्हिसाचंही तीच बघणार होती. आता राहिल्या सुया. विषमज्वराची, काविळीची अन् धनुर्वाताची जालन्यात होतील. हिवतापाच्या गोळ्या सोबत मिळतील. पण पिवळ्या तापाची लस जालन्यात मिळत नाही. ती सरकारनं नेमलेल्या मोजक्याच केंद्रांवर असते, म्हणून पुण्याला जावं लागेल. "अन् मावशी, ध्यानात घ्या. ती टोचल्यावर एक पिवळं पुस्तक देतात. त्याच्यावर तारीख, सही, शिक्का. टोचल्यापासून दहा दिवस झाले की ते पुस्तक चालू होतं. त्याच्या आधी न्हाई. त्या पुस्तकाबिगर तिकडं पाय ठेवू देत न्हाईत, अन् तिकडून येताना इकडं बी अडवून ठेवतात."

"म्हंजी खूण," आसराबाई म्हणाली.

"हाव, खूणच समजा."

शेडनेटात तिच्या शेजारच्या ओळीला काम करणारी फरहाना म्हणाली, "डरना नै आपा. हमारी अम्मी हज कू गये थे तब उनकू भी लगाये थे सुया. दुसरी थी वो, पर सुई तो सुईच है. दो दिन हात दुखा, बस." आसराबाई म्हणाली, "सुईला कोन भेतं गं. एसटीत उलटी व्हती, त्याला भेते."

सोमवारी ती पुण्याच्या केंद्रावर पोचली. म्हस्कू आला नव्हता, बकऱ्या कुणाच्या गळ्यात मारणार? ओमप्रकाश सोबत होता. तिथं बाकड्यावर जहाजावर जाणारी पोरं, गळ्यात कॉलेजचे पट्टे घातलेल्या मुली अन् मधोमध डोक्यावर पदर घेतलेली आसराबाई. रूपाली नावाची सिस्टर कागद बघून एकेकाला विचारत होती. "काकू, अंड्याची अ‍ॅलर्जी आहे का? अंडं खाल्ल्यावर काही त्रास होतो?"

"अंड्यानं कशाचा त्रास? बोकड बी पचतो."

बाकडं हसलं. सुई टोचताना सगळे तोंड फिरवतात, आसराबाईनं फिरवलं नाही. सुई कशी धरतात, किती खोल जाते, हे तिनं नीट बघितलं, कामाच्या माणसानं दुसऱ्याचं काम बघावं तसं. "हात हलका हाये तुहा," ती रूपालीला म्हणाली. "क्रॉसिंगला चालशीन."

मग अर्धा तास बसवून ठेवलं. काही होतंय का बघायला सगळ्यांनाच बसवतात. बसल्या बसल्या आसराबाईनं कमरेचा बटवा सोडला, त्यातून मिरचीचा लाल दोरा काढला अन् दात-बोटांनी डाव्या दंडाला टोचलेल्या जागेच्या वर बांधून टाकला.

रूपालीनं विचारलं, "हे काय?"

"झाली, म्हनून खूण. न्हाई तं दुसरी कोनी येऊन परत टोचंल."

पिवळं पुस्तक हातात आलं. बारकं, खिशात मावेल एवढं. आत आसराबाई म्हस्कू हे नाव, पासपोर्टचा नंबर, तारीख, लसीचा नंबर, सही अन् निळा गोल शिक्का. तिनं ते पासपोर्टात घातलं, पासपोर्ट रुमालात, रुमाल पिशवीत.

पाचव्या दिवशी तिला जरा कणकण आली. रूपालीनं सांगून ठेवलं होतं की असं होतं, घाबरायचं नाही. तरी म्हस्कू उंबऱ्यातून ओरडला, "बघ! पिवळा ताप इथंच आला. इमानाचा खर्चा वाचला." तिनं गोळी घेतली, अंग टाकलं अन् सकाळी उठून शेडनेटात गेली. आतून तिला बरं वाटत होतं. दिवस बराबर मोजत होती ती. येणारा गुरुवार गेला की दहा भरणार होते, त्याच्या पुढच्या गुरुवारी मुंबईहून विमान.

त्याच रविवारी ती बाजाराला गेली. अन् त्या दिवशी म्हस्कूनं घात केला.

म्हस्कू तोंडानं वाकडा माणूस, पण देवाचा पक्का. घरात नवी वस्तू आली की रविवारी बिरोबापुढं ठेवायची अन् तिला भंडारा लावायचा, ही त्याच्या बापाची रीत. भंडारा म्हणजे देवाची हळद. नव्या कोकराला लावला, पोराच्या मोटारसायकलला लावला, मोबाईल आणला तेव्हा मोबाईललाही. बायको सात समुद्रापलीकडं चाललीय अन् तिचे कागद कोरडे जाणार, हे त्याच्यानं सोसवेना. हे त्यानं तिला सांगितलं असतं तर ती हसली असती. म्हणून ती बाजाराला गेली तेव्हाच त्यानं पिशवी उघडली.

पासपोर्टला त्यानं नुसतं वरून बोट लावलं. निळं, चकचकीत, सरकारी, त्याला धाक वाटला. पण आतून पिवळं पुस्तक निघालं अन् म्हस्कूचा जीव हरखला. रंग भंडाऱ्याचाच! त्यानं ते उघडलं. गोल शिक्का दिसला. साहेबाचा शिक्का जिथं, तिथंच देवाचाही पाहिजे, असा विचार करून त्यानं भंडारा पाण्यात कालवला, अंगठा बुडवला अन् शिक्क्यावर दाबून उठवला. खालीवर अजून दोन बोटं ओढली. मग पुस्तक मिटलं अन् होतं तसं ठेवून दिलं.

पुढच्या शनिवारी दुपारी ओमप्रकाश सगळ्या कागदांचे फोटो काढायला आला. त्यानं पिवळं पुस्तक उघडलं, अन् त्याची बोटं थांबली.

"मावशी, शिक्का कुठं गेला?"

शिक्का होता, पण निळ्या शाईचा हिरवट चिखल झाला होता. सहीची शेपटी तेवढी राहिली होती. तारखेचा महिना दिसत होता, दिवस हळदीखाली गेला होता. मिटलेल्या समोरच्या पानावरही त्याचा उलटा डाग उठला होता.

आसराबाईनं पुस्तक नाकाशी नेलं. हुंगलं. अन् मान वळवून म्हस्कूकडं बघितलं.

म्हस्कू म्हणाला, "देवाचं हाये ते. चांगलंच व्हईन."

"मामा, ह्याच्यावर छापलेलं हाये," ओमप्रकाश कपाळाला हात लावून म्हणाला, "खाडाखोड झाली, काही बदल झाला, तं हे बाद होऊ शकतं. विमानतळावर बघणारा मानूस बिरोबाला वळखत न्हाई."

"मंग परत टोचून घे."

"टोचून घेतली तं नव्यानं दहा दिवस लागतात. विमान गुरुवारी हाये. चार दिवस मधात राह्यले, त्याच्यात उद्या रविवार, केंद्र बंद."

म्हस्कूला वाटलं आता भांडण होईल. त्याची तयारी होती, त्याला भांडण येत होतं. पण आसराबाई ओरडली नाही. ती उठली, आतून आपली कातर घेऊन आली अन् त्याच्यासमोर बसली.

"अवं, रामरावाच्या बांधावर फळं वतली व्हती, ते आठवतं का?"

"आठवतं."

"त्या फळात बी खरं व्हतं. खूण न्हवती. बस, इतकंच." तिनं कातर पदरानं पुसली. "मह्या दंडात लस खरी हाये. पर विमानतळावरच्या मानसाला दंडात दिसतं का? त्याला पुस्तकच दिसतं."

म्हस्कूनं पायांत वहाणा सरकवल्या. म्हणाला, "बकऱ्या फरहानाकडं देतो. म्या बी येतो पुन्याला."

"तुम्ही कामून?"

"अंगठा महा हाये ना."

रविवारी दुपारच्या एसटीनं दोघं निघाले. आसराबाईला उलटी झाली नाही, म्हस्कूला झाली. पुण्यात तिच्या मावसभावाच्या खोलीवर पथाऱ्या टाकल्या अन् सोमवारी सकाळी केंद्र उघडायच्या आधी दोघं पायरीवर बसले होते. बरोबर पंधरवड्यापूर्वी ती इथं बसली होती, तेव्हा हलकी होती. आज पिशवी दोन्ही हातांनी धरून होती. ओमप्रकाश जालन्यातून फोनवर फोन करत होता. जर झालं नाही तर दुसरी बाई पाठवायची की काम पुढं ढकलायचं, हे वरचे साहेब संध्याकाळी ठरवणार, असं तो चाचरत म्हणाला. दुसरी बाई! आसराबाईनं फोन म्हस्कूच्या हातात दिला.

खिडकीतल्या माणसानं पुस्तक बघितलं अन् सरळ सांगितलं, दुबार पुस्तकासाठी अर्ज करा, जुन्या नोंदी बघून, डॉक्टरांची सही होऊन मिळेल. आज टोचणीचा दिवस, गर्दी आहे, दोन-चार दिवसांनी चौकशी करा.

"दोन-चार दिवसांनी ही आफ्रिकेत पाहिजे," म्हस्कू म्हणाला.

"अहो, मी काय करू? मागं रांग आहे."

रांग खरोखर मागं होती. आसराबाई बाजूला सरकली. अन् तेवढ्यात आतल्या दारातून ट्रे घेऊन रूपाली आली, दोन पावलं पुढं गेली अन् माघारी फिरली. तोंडावर मास्क, पण डोळे हसले.

"दोरावाल्या काकू! अजून सोडला नाही दोरा?"

आसराबाईच्या डाव्या दंडाला लाल दोरा तसाच होता. घाम-पाण्यानं फिका झाला होता, पण गाठ पक्की.

"फळ तोडंस्तोवर सोडायचा नस्तो," ती म्हणाली, अन् पिवळं पुस्तक उघडून तिच्यासमोर धरलं.

रूपालीनं बघितलं. "अरे देवा."

"देवाचंच हाये," म्हस्कू पुटपुटला.

रूपालीनं ट्रे ठेवला, त्या दोघांना आत बसवलं अन् पंधरवड्यापूर्वीच्या सोमवारचं रजिस्टर काढलं. पावती आहे का, विचारलं. आसराबाईनं पावती फेकली असती तर ती आसराबाई कसली? बटव्यात चौघडी करून, दोऱ्याच्या रिळाला गुंडाळून ठेवली होती. पावतीवरच्या नंबरावर बोट ठेवून रूपाली रजिस्टरात खाली खाली गेली. आसराबाई तिच्या बोटाबरोबर खाली गेली. एक पान. दुसरं पान. मध्येच बोट थांबलं.

"ही बघा. आसराबाई म्हस्कू. पासपोर्ट नंबर जुळतो. लसीचा नंबर आहे. अन् ही तुमची सही."

सही म्हणजे वाकडीतिकडी अक्षरं, "आ" मोठा अन् "बाई" ओळीखाली घसरलेली. आसराबाईला ती इतकी देखणी आजवर कधी दिसली नव्हती.

डॉक्टर पिकल्या केसांचे होते. त्यांनी रजिस्टर बघितलं, पासपोर्ट बघितला, मग जुनं पुस्तक डोळ्यांजवळ धरलं अन् हुंगलं. "हळद?"

म्हस्कू उभा राहिला. शाळेत कधी उभा राहिला नसेल इतका ताठ. "साहेब, चूक मही हाये. देवाचा भंडारा लावला म्या. हिला परत सुई देऊ नका. द्यायचीच असंल तं मला द्या."

"तुम्ही कुठं चाललात?"

"घरी."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. "बसा बाबा. कुणालाच सुई नाही. लस बाईंच्या अंगात आहे, ती हळदीनं पुसली जात नाही. नोंद आमच्याकडं आहे. तीच तारीख घालून दुसरं पुस्तक देतो. दहा दिवस कधीच भरलेत तुमचे, अन् आता जन्मभर चालेल. फक्त ह्याला काही लावू नका. तेल, हळद, कुंकू, काही नाही."

नवं पुस्तक आलं. जुनं बाद म्हणून ठेवून घेतलं. तीच तारीख, तोच लसीचा नंबर, ताजा निळा शिक्का. आसराबाईनं ते उघडंच धरलं अन् शाईवर फुंकर घालत केंद्राच्या पायऱ्या उतरली, रस्त्यावर आली, झाडाखाली उभी राहिली, तरी फुंकतच होती. म्हस्कूनं हात पुढं केला. "दे, म्या धरतो."

"हात मागं घ्या."

त्यानं हात मागं घेतला, अन् दोघंही एकदम हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटात भूक असल्याचं तिला कळलं. फुटपाथवरच बसून त्यांनी भाकरी अन् ठेचा सोडला. रूपालीला तिनं आधीच अर्धी भाकरी अन् ठेच्याची पुडी देऊन टाकली होती, ती नको नको म्हणत असताना. आता उरलेली भाकरी खाताना आसराबाई म्हणाली, "ठेचा झ्याक झालाय." म्हस्कू म्हणाला, "काल बी हाच व्हता. काल तुला लागला न्हाई." पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं, पिशवी पोलक्याच्या आत गेली. परतीच्या एसटीत ती अहिल्यानगर यायच्या आधीच झोपली अन् जालन्याच्या स्टँडवर कंडक्टरनं हाका मारून उठवलं.

बुधवारी ओमप्रकाश जीप घेऊन आला. दारात बाया जमल्या होत्या. फरहानानं लोणच्याची बाटली आणली होती, आसराबाईनं ती कपड्यांत गुंडाळली, अन् कागदांची पिशवी मुद्दाम वेगळी ठेवली, हळदीपासून अन् तेलापासून चार हात लांब. म्हस्कू आतून भंडाऱ्याची वाटी घेऊन आला. ओमप्रकाश पुढं झाला.

"मामा, आता न्हाई हं!"

"कागदाला न्हाई रे बाबा," म्हस्कू म्हणाला. त्यानं अंगठा बुडवला अन् आसराबाईच्या कपाळाला टेकवला. "हिच्यावर काही लिव्हलेलं न्हाई, पुसाया."

"हात धुवा आधी, अन् मंग सामान उचला," ती म्हणाली. त्यानं हात धुतले.

गुरुवारी सकाळी टेंभुर्णीत ऊन कडक झालं तरी म्हस्कूच्या बकऱ्या गोठ्यात ओरडत होत्या. तो फोन हातात धरून ओट्यावर बसला होता. फोन वाजला.

"हां, बोल. बघितलं का त्यानं पुस्तक?"

"बघितलं."

"किती येळ?"

मुंबईच्या विमानतळावर, लोकांच्या रेट्यात, कपाळावर पुसट पिवळा डाग घेऊन उभी असलेली आसराबाई जरा विचार करून म्हणाली, "कळीचं पान कातरायला लागतो, तितका. मंग परत दिलं अन् म्हनला, जा."

"इतकंच?"

"इतकंच."

म्हस्कूनं काठी हातात घेतली. "मंग सोडतो बकऱ्या," तो म्हणाला, अन् उठला.